डोंगर कुणाचा?



हल्ली कुणाच्या नवीन फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "हॉलमध्ये इटालियन टाकलंय." इटालियन म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. मग पुढची दहा मिनिटं हळदीचा डाग पडतो का, लिंबू सांडलं तर काय करायचं, यावर चर्चा. (लिंबू सांडू देऊ नका. संगमरवर म्हणजे शेवटी चुन्याचाच दगड. आंबट पडलं की त्याची झिलई जाते आणि तिथे पांढुरका व्रण राहतो.) दुकानात या नावाखाली तुर्कस्तानचा आणि ओमानचाही दगड विकतात, ते निराळंच. आपल्याकडे २०१६ पर्यंत बाहेरचे संगमरवराचे ठोकळे आणायला सरकारी परवाना लागायचा. तो काढून टाकला आणि जकात वाढवली. दगड यायचा तो येतोच आहे.

मला मात्र त्या दगडापेक्षा तो जिथून निघतो त्या डोंगराबद्दल कुतूहल आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला. युरोपातल्या प्रबोधनाच्या धड्यात मायकेलअँजेलोला जेमतेम दोन ओळी असायच्या. त्याने दगडातून काय घडवलं ते त्यात होतं, दगड कुठून आला ते नव्हतं. निवृत्तीनंतर वेळच वेळ मिळाला तेव्हा तिकडे वळलो आणि अडकून पडलो.

तर हे गाव म्हणजे करारा. नाव मराठी माणसाला जरा फसवतं. 'कराराचा दगड' म्हटलं की तलाठ्याचे कागद डोळ्यांपुढे येतात. पुढे कळेल की ते अगदीच चूक नाही. इटलीच्या वायव्य किनाऱ्याजवळ, तस्कनी प्रांतात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर अपुआन आल्प्स नावाचे डोंगर उभे आहेत. किनाऱ्याच्या रेल्वेतून जाणाऱ्याला भर उन्हाळ्यात वाटतं की शिखरांवर बर्फ पडलाय. तो बर्फ नव्हे. खाणीतून दोन हजार वर्षं खाली लोटलेला दगडाचा चुरा आहे तो. वीसेक कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्यातल्या जीवांच्या शिंपल्या-सांगाड्यांचा चुनखडक झाला, पुढे डोंगर उभे राहताना दाबाखाली आणि उष्णतेत भाजून निघाला, तोच संगमरवर. आपला महाराष्ट्र लाव्हाचा, म्हणून आपल्याकडे काळा पाषाण. वेरूळचं कैलास काळ्यातून कोरलं आणि ताजमहाल मकरान्याच्या पांढऱ्यातून उभा राहिला, त्यामागे आधी भूगोल आहे, मग राजे.

शब्दाची गंमतही सांगतो. संगमरवर हा फारसी संग-ए-मरमर, म्हणजे मरमर नावाचा दगड. हे 'मरमर' आणि इंग्रजांचं 'मार्बल' दोन्ही एकाच ग्रीक शब्दापासून निघाले, अर्थ चकाकणारा दगड. मराठीत त्यात 'मर मर' ऐकू येतं. ते खाणीत राबणाऱ्याला लागू पडतं, पण तो निव्वळ योगायोग.

रोमन लोकांनी इथे मोठ्या प्रमाणावर खोदायला सुरुवात केली ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. जवळच लूना नावाचं त्यांचं बंदर होतं, इ.स.पू. १७७ मध्ये वसवलेलं, म्हणून दगडाचं नावही लूनाचा संगमरवर. आधी रोमन श्रीमंतांना ग्रीसकडून दगड आणावा लागे, आता घरचा मिळाला. ज्युलियस सीझरच्या हाताखालचा मामुरा नावाचा एक अधिकारी युद्धात गब्बर झाला. प्लिनी लिहितो की रोममध्ये घराच्या भिंतींना संगमरवर मढवणारा तो पहिला. म्हणजे 'हॉलमध्ये इटालियन' ही हौस दोन हजार वर्षं जुनी आहे, आणि तेव्हाही लोक त्यावर नाक मुरडतच होते. इ.स. ११३ मधला ट्रेजनचा प्रसिद्ध विजयस्तंभ याच दगडाचा. खोदणारे बहुतेक गुलाम. दगडात छिन्नीने खाच पाडायची, खाचेत पाचरी ठोकायच्या आणि डोंगराचा तुकडा सुटा करायचा. त्यांच्या छिन्नीच्या खुणा काही खाणींत अजून दिसतात. रोमचं साम्राज्य ढासळलं तशा खाणी थंडावल्या. बंदर गाळाने बुजलं.

पुढे शहरांशहरांतून देवळं उठू लागली तेव्हा खाणी पुन्हा जाग्या झाल्या. फ्लॉरेन्सच्या 'डेव्हिड'चा दगडही इथलाच. एकाने सुरू करून सोडलेला तो ठोकळा जवळजवळ चाळीस वर्षं पडून होता, मग १५०१ मध्ये तो मायकेलअँजेलोच्या हाती आला. १५०५ साली पोप दुसरा ज्युलियस याच्या कबरीसाठी दगड निवडायला हा माणूस आठ महिने डोंगरात राहिला. त्याचा चरित्रकार कोंदीवी सांगतो की, समुद्रावरून जाणाऱ्या खलाशांना दिसावा असा एक अख्खा डोंगरच कोरून पुतळा करावा, असं तिथे असताना त्याच्या मनात आलं होतं. पण मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. नवीन पोप दहावा लिओ हा फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातला. त्याने फर्मावलं, करारा सोडा, आमच्या ताब्यातल्या सेराव्हेझाच्या डोंगरातून दगड काढा. काम होतं फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चच्या दर्शनी भिंतीचं. हे कळल्यावर कराराची माणसं बिथरली, होडीवाल्यांनी त्याचा माल न्यायला नकार दिला. जगातला सर्वांत मोठा शिल्पकार दोनेक वर्षं दलदलीतून नि खडकांतून रस्ते करत बसला. एक खांब उतरवताना कडी तुटली आणि खांबाचे तुकडे झाले. १५२० मध्ये तो करारच रद्द केला गेला. त्या चर्चची दर्शनी भिंत आजही ओबडधोबड दगड-विटांची, उघडी आहे. दगड कुणाचा, कुठून काढायचा आणि त्यावर कुणाचं पोट, हा प्रश्न सुटला नाही तर मायकेलअँजेलोचंही काही चालत नाही.

आता दगड डोंगरावरून खाली कसा आणत, ते सविस्तर सांगतो. हे वाचताना माझी झोप उडाली होती.

खाण असते हजार-दीड हजार फुटांवर किंवा त्याहूनही वर. ठोकळा वीस-पंचवीस टनांचा. खाली जायला रस्ता नाही, नुसता तीव्र उतार. मग दोन जाड ओंडक्यांच्या घसरगाडीवर तो ठोकळा दोरखंडांनी आवळायचा. याला म्हणतात लीझ्झा. उतारावर खडकात भोकं पाडून खुंटे ठोकलेले असतात. त्यांना दोरखंडाचे वेढे देऊन तो इंचाइंचाने सैल सोडायचा. आणि गाडीच्या पुढे, म्हणजे उतरणाऱ्या वीस टनांच्या अगदी समोर, एक माणूस उभा. टोळीचा म्होरक्या. साबण चोपडलेली लाकडं तो गाडीखाली आडवी सारतो. गाडी त्यावरून घसरत पुढे गेली की मागे मोकळी झालेली लाकडं हातोहात पुन्हा पुढे. दोर किती सोडायचा हे वरच्यांना तो ओरडून आणि हाताच्या खुणांनी सांगतो. वरच्याने ऐकण्यात चूक केली, दोर तुटला, खुंटा उपटला, तर पुढच्याला पळायला जागा नाही. किती मेले याची मोजदाद फार उशिरा सुरू झाली. हे रोमनांच्या काळात नव्हे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होतं! आता उन्हाळ्यात एकदा पर्यटकांसाठी तो खेळ करून दाखवतात.

खाली आल्यावर बैलगाड्या. १८७६ ते १८९० या काळात खाणीपर्यंत खास रेल्वे टाकली गेली. ती १९६४ साली बंद पडली आणि तिच्या बोगद्यांतून व पुलांवरून ट्रक जाऊ लागले. त्याआधी १८५१ मध्ये वॉल्टन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने समुद्रात माल चढवायचा धक्का बांधला होता. तोवर किनाऱ्याच्या वाळूवरून होड्यांत दगड चढवायचे. धक्का झाला, रेल्वे झाली आणि एकोणिसाव्या शतकात करारा अख्ख्या जगाला दगड पुरवू लागलं. लंडनची मार्बल आर्च याच दगडाची. जिथे जिथे साम्राज्य, तिथे तिथे राणीचा पांढरा पुतळा.

आपल्या मुंबईतही होता की! बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी विलायतेतल्या मॅथ्यू नोबल या शिल्पकाराकडून करवून घेतलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ मध्ये फोर्टात बसला. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री कुणीतरी त्याला डांबर फासलं, गळ्यात जोड्यांची माळ घातली. ते काम दामोदर चापेकरांचं, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवलेल्या हकिगतीतून कळलं. पांढऱ्या दगडात डांबर मुरलं, सरकारला ते काही निघेना. शेवटी त्रिभुवनदास गज्जर या देशी रसायनशास्त्रज्ञाने ते डाग काढून दाखवले आणि त्यांचं नाव झालं. एकाच पुतळ्याने एका हिंदी माणसाला बंडखोर म्हणून आणि दुसऱ्याला शास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धी दिली. पुतळा आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. विषयांतर झालं, पण मोह आवरला नाही.

आता मूळ प्रश्न. डोंगर कुणाचा?

पूर्वी तो गावकीचा होता. आसपासच्या खेड्यांच्या गावसभांचा त्यावर सामाईक हक्क, आपल्याकडच्या गायरानासारखा. पण दगडाला भाव आला तसं ज्यांच्याकडे चार पैसे होते त्यांनी एकेक खाण धरली आणि सोडलीच नाही. १७५१ साली कराराची राजकन्या मारिया तेरेझा चिबो-मालास्पिना, वय पंचवीस, हिने एक फर्मान काढलं. वीस वर्षांहून जास्त काळ ज्यांच्या नावावर खाण कराच्या वहीत चढलेली आहे, त्यांना गावकीला खंड देण्यातून मोकळीक. तिने फक्त खंड माफ केला, की डोंगरच देऊन टाकला? शब्द दोन्हीकडे ओढता येतात, आणि ज्यांच्याकडे खाणी होत्या त्यांनी अर्थातच आपल्या बाजूला ओढले. याच बाईंनी १७६९ मध्ये कराराला कला अकादमी काढली, आजही ती चालू आहे. अकादमीबद्दल तिचं कौतुक होतं ते योग्यच. पण त्या फर्मानाचे वाद अडीचशे वर्षांनंतरही कोर्टात आहेत, तेही सांगायला हवं.

मालक गब्बर झाले आणि खाणीत उतरणारे होते तिथेच राहिले. पहाटे अंधारात घरून निघायचं, दोन-दोन तास डोंगर चढायचा, दिवसभर राबायचं, पुन्हा उतरायचं. शिदोरीत भाकरीऐवजी पाव, कांदा, टोमॅटो आणि संगमरवराच्याच कुंडीत मीठ-मसाल्यात मुरवलेली डुकराची चरबी. त्या चरबीला आता मोठी प्रतिष्ठा मिळाली आहे, २००४ मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकनही मिळालं, महागड्या हॉटेलात तिच्या पातळ चकत्या वाढतात. गरिबाचं खाणं श्रीमंताच्या ताटात गेलं की नाव मिळतं. आपल्याकडे नाचणीचं झालं तसंच. मला हे वाचताना सारखी आपली वडार मंडळी आठवत होती, पहार-सुतकी घेऊन गावोगाव दगड फोडणारी. आपण जातं-उखळ वापरलं, विहिरी खणून घेतल्या, रस्ते केले, पण त्यांचा इतिहास किती लिहिला?

कराराच्या कामगारांनी मात्र स्वतःचा इतिहास घडवला. हे गाव इटलीतल्या अराज्यवाद्यांचा बालेकिल्ला. सरकारही नको आणि मालकही नको, असं म्हणणारे लोक. डोंगर एकेकाळी आपल्या गावकीचा होता हे ज्यांनी आजोबांकडून ऐकलं होतं, त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नसावं. १८९४ च्या जानेवारीत तिथे उठाव झाला. सरकारने लष्करी कायदा लावला, जनरल ह्यूश सैन्य घेऊन आला, लष्करी न्यायालयांनी शेकडो कामगारांना लांबलांब शिक्षा ठोठावल्या. पुढे १९११ मध्ये आल्बेर्तो मेस्की नावाचा पुढारी तिथे कामगार संघटनेचं काम पाहू लागला. त्याच वर्षी जुलैत बेतोल्यीच्या खाणीत सुट्टीच्या वेळी विसावा घेत बसलेल्या कामगारांवर कडा कोसळला, दहा जण गेले. मेस्कीच्या काळात खाणकामगारांनी दिवसाला साडेसहा तास काम ही मागणी पदरात पाडून घेतली. साडेसहा! बाकी युरोप तेव्हा आठ तासांसाठी भांडत होता. चढण्या-उतरण्याचे तास धरले की त्यात अतिरेकी काही वाटत नाही. गावात मेस्कीचं स्मारक आहे. कुणी खाणीत दगावलं की सगळ्या खाणींनी काम थांबवायचं, ही रीत अजून आहे.

मग मुसोलिनी आला. संघटना मोडल्या गेल्या आणि खाणीतून १९२८ मध्ये काढला तो त्याच्या नावाच्या स्तंभासाठी तीनशे टनांचा एकसंध दगड. बैलांच्या जोड्यांवर जोड्या लावून, टनांवारी साबण चोपडून तो समुद्रापर्यंत ओढला, तराफ्यावरून रोमला नेला. १९३२ पासून तो तिथे उभा आहे, नावही पुसलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर आधी यंत्रं सुधारली, मग हिऱ्याच्या कणांची तार आली. जो ठोकळा सुटा करायला टोळीला आठवडे लागत तो काही तासांत निघू लागला. दगडाचे पातळ पापुद्रे काढून गगनचुंबी इमारतींना चिकटवायची फॅशन निघाली. शिकागोत १९७३ मध्ये एक ऐंशीहून अधिक मजल्यांची इमारत त्रेचाळीस हजार पातळ फरश्यांनी मढवली. ऊन-थंडीने फरश्या पापडासारख्या वाकल्या. १९९० ते ९२ मध्ये सगळ्या काढून ग्रॅनाइट लावला, खर्च आठ कोटी डॉलर. हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहाचंही तेच. १९७१ ला बसवला, वाकला म्हणून १९९९ पर्यंत बदलला, पुन्हा कराराचाच बसवला, पुन्हा वाकला. अलीकडच्या दुरुस्तीत त्यांनी इटलीच्याच पण दुसऱ्या डोंगराचा दगड घेतला. विद्यार्थ्याने एका चुकीबद्दल दोनदा छडी खावी तसा प्रकार.

पण खरा बदल झाला तो वेगळाच, आणि घरी बसून कुणाच्या लक्षातही येत नाही. आज कराराच्या डोंगरातून जे निघतं त्यातलं ठोकळा म्हणून विकलं जातं ते अगदी थोडं. साधारण तीन चतुर्थांश निव्वळ तुकडे आणि चुरा. पूर्वी हा चुरा उतारावर लोटून देत. गेल्या शतकाच्या शेवटी लक्षात आलं की दळला तर हा शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट आहे. कागद गुळगुळीत करायला लागतो, रंगात लागतो, प्लास्टिकमध्ये लागतो, टूथपेस्टमध्ये लागतो. तेव्हापासून डोंगर उतरतो आहे तो मुख्यतः भुकटी होऊन. पुतळ्यासाठी खणताना कारागीर पुतळ्यापुरताच दगड काढायचा. पिठासाठी खणायचं म्हटलं की थांबायचं कुठे? शिखरांची उंची कमी झाली आहे, डोंगराची आकाशरेषा बदलली आहे. जुने फोटो शेजारी ठेवले तर मास्तरांची गरज नाही, पोरांनाही दिसेल. आणि यंत्रांमुळे माणसं कमी लागतात, तेव्हा डोंगर जास्त जातो आणि गावाच्या पदरात रोजगार थोडा.

मालकीचा प्रश्न आहे तिथेच आहे. २०१४ मध्ये सौदी अरबस्तानातल्या बिन लादेन या बांधकामवाल्या घराण्याने तिथल्या एका मोठ्या खाण कंपनीचा निम्मा हिस्सा साडेचार कोटी युरोंना घेतला. दुसऱ्या वर्षी तस्कनीच्या प्रांत सरकारने कायदा केला, १७५१ च्या फर्मानात आलेल्या खाणीही नगरपालिकेच्याच. मालक कोर्टात गेले. २०१६ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने ते कलम रद्द केलं. खाजगी मालकीबद्दल कायदा करायचा अधिकार प्रांताला नाही, रोमच्या सरकारला आहे, एवढंच कारण. डोंगर कुणाचा ते न्यायालयाने सांगितलंच नाही. पंचविशीतल्या राजकन्येचा कागद अजून चालू!

ट्रकांची वर्दळ गावातून नको म्हणून २०१२ मध्ये संगमरवरासाठी वेगळा रस्ता आणि बोगदे झाले. धूळ थोडी कमी झाली. पण दगड कापताना पाणी वापरतात, त्याची बारीक पांढरी राड होते. तिला तिकडे मार्मेत्तोला म्हणतात. हा डोंगर आतून भेगांनी आणि गुहांनी पोखरलेला आहे. राड त्या भेगांत उतरते आणि खालच्या झऱ्यांपर्यंत पोचते. गावाचं पिण्याचं पाणी त्याच झऱ्यांचं. जोराचा पाऊस झाला की झरे गढूळ होतात आणि कारियोने नदी दुधासारखी पांढरी वाहते.